खाडीच्या गाळातलं तांबं कुणाचं?

ठाणे खाडीतला मूठभर गाळ प्रयोगशाळेत दिला आणि तांबं किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या आसपास निघालं, तर त्यात दचकण्यासारखं काही नाही. अहवाल लिहिणारा मात्र दचकतो. तो १९६१ साली प्रसिद्ध झालेला सरासरी शेल खडकाचा (चिखल घट्ट होऊन झालेल्या दगडाचा) आकडा काढतो: तांबं ४५. मग १९९५ मध्ये अमेरिकेत ठरवलेल्या धोकापातळ्या काढतो: खालची ३४ (तिच्या खाली जिवांना इजा क्वचित), वरची २७० (तिच्या वर बहुधा). भागाकार झाला की 'दुप्पट', 'तिप्पट' असे शब्द येतात आणि त्यांचा मथळा होतो. त्याच पानावर शिसं ४० लिहिलेलं असतं. शेलमध्ये २०, खालची धोकापातळी ४६.७. म्हणजे शिसं 'मर्यादेत'. तिकडे पुढे कुणी बघत नाही.

मला हे साफ उलटं वाटतं. आपल्या किनाऱ्यावर तांब्याचे शंभर बहुतेक वेळा सह्याद्रीचे असतात आणि शिशाचे चाळीस बहुतेक वेळा माणसाचे.

कारण आपला खडक. उत्तर कोकणात नद्या जो गाळ आणतात तो बेसॉल्ट झिजून झालेला असतो, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड. या दगडात तांबं किलोमागे १०० ते २०० मिलिग्रॅमच्या घरात असतं. क्रोमियम, निकेल, व्हॅनेडियमही भरपूर. निकेलची अमेरिकी वरची धोकापातळी आहे ५१.६, घाटातला एखादा निर्मळ दगड कुटून तपासला तरी तो कित्येकदा त्यात नापास होईल. शिसं मात्र या दगडात अगदी थोडं, बहुतेक ठिकाणी एक आकडी. आडात नाही ते पोहऱ्यात दिसतंय, म्हणजे कुणीतरी बाहेरून ओतलंय.

आकडे मांडून बघू. हे उदाहरणापुरते आहेत, कुठल्या ठिकाणाचे मोजलेले नाहीत. वरच्या थरातला गाळ: तांबं ११०, शिसं ४०, ॲल्युमिनियम ७.५ टक्के. त्याच जागी मीटरभर खाली, कारखाने येण्याआधीचा गाळ: तांबं १०५, शिसं ८, ॲल्युमिनियम तेवढंच. धातूला ॲल्युमिनियमने भागायचं आणि ते गुणोत्तर मूळ गाळाच्या गुणोत्तराने पुन्हा भागायचं. याला समृद्धी गुणांक म्हणतात. शेल धरली (ॲल्युमिनियम ८ टक्के) तर तांब्याचा गुणांक २.६ येतो आणि शिशाचा २.१. खालचा थर धरला तर तांब्याचा १.०५ आणि शिशाचा ५. गाळ तोच, यंत्र तेच, पण गुन्हेगार बदलला.

म्युलरने १९६९ मध्ये मांडलेला भूसंचय निर्देशांक काढला तरी हेच होतं. त्यात मूळ आकड्याला दीडने गुणतात, म्हणजे नैसर्गिक चढउतार पोटात घेतात, आणि भागाकाराचा दोनच्या पायावर लॉगॅरिदम काढतात. शेल धरून तांबं ०.७, शिसं ०.४. खालचा थर धरून तांबं उणे ०.५, शिसं १.७. उणे म्हणजे प्रदूषण नाही. एक ते दोन म्हणजे मध्यम प्रदूषित.

तेव्हा सगळा खेळ त्या 'मीटरभर खाली'चा आहे, आणि तो गाळ नीट वर काढणं हेच या कामातलं कसब. महागडं यंत्र लागत नाही. नळकामाचा ७५ मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप, दीड मीटर लांब, खालची कड कानशीने आतून-बाहेरून धार येईपर्यंत घासलेली. उधाणाच्या दिवसांतली ओहोटी गाठायची, कारण भांगाला चिखलपट्टा पुरेसा उघडा पडत नाही. फळी टाकून उभं राहायचं आणि पाइप हळूहळू, सरळ दाबायचा. हातोडा मारला की आतला गाळ दबतो. दाबून झालं की पाइपच्या आत आणि बाहेर गाळाची पातळी मोजायची. पाइप शंभर सेंटिमीटर गेला आणि आत ऐंशीच भरला असेल, तर वीस टक्के दबला. प्रत्येक थराची खोली त्या हिशेबाने दुरुस्त करावी लागते. ही नोंद जागेवर केली नाही तर नंतर करता येत नाही. वरून खाडीचंच पाणी काठोकाठ भरून रबरी बूच घट्ट बसवायचं, मगच उपसायचा. बूच ढिलं असेल तर निर्वात टिकत नाही आणि सगळा गाभा, म्हणजे पाइपात भरलेला गाळाचा उभा दांडा, खालून निसटतो. नेताना पाइप उभाच ठेवायचा.

कापताना दोन-दोन सेंटिमीटरच्या चकत्या. प्रत्येक चकतीची कडेची तीनचार मिलिमीटरची कड फेकून द्यायची, कारण पाइप आत जाताना वरचा गाळ भिंतीला लागून खाली घासत गेलेला असतो. ही कड ठेवली की खालच्या थरातही शिसं 'सापडतं' आणि मूळ आकडा फुगतो. तो फुगला की वरचं प्रदूषण कागदावर कमी होतं. या चुकीने कुणालाच त्रास होत नाही, म्हणून ती टिकून आहे.

खालचा थर खरंच जुना आहे का, हे शिसं-२१० सांगतं. हा किरणोत्सारी समस्थानिक हवेतून पडत राहतो आणि साधारण २२ वर्षांत निम्मा होतो, म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंतचं वय त्यावर काढता येतं. (शिशाच्या प्रदूषणाचं वय काढायलाही शिसंच लागतं.) जोडीला सीझियम-१३७ बघतात. वातावरणातल्या अणुचाचण्यांमुळे त्याचा कळस १९६३ च्या थरात अपेक्षित असतो. आपल्याकडे आणखी दोन खुणा मिळू शकतात: देशभर शिसेविरहित पेट्रोल २००० साली सक्तीचं झालं, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने १९६० च्या दशकापासून वाढत गेले. पण चिंबोऱ्यांची बिळं आणि गाळउपसा हे दोन्ही थर उलटेपालटे करतात. शिसं-२१० चा आलेख खोलीबरोबर घसरत जायला हवा. वरचे वीस सेंटिमीटर तो सपाट असेल, तर तेवढा गाळ ढवळलेला आहे आणि त्यावर वर्षं लिहू नयेत.

शिसं आलं कुठून? पेट्रोल झालं. जुन्या बॅटऱ्या फोडणं, रंग, आणि जहाजं. मुंबई बंदरातल्या दारूखान्यात वर्षानुवर्षं जहाजं तोडली गेली. जुन्या जहाजांच्या पोलादाला गंज लागू नये म्हणून पहिला हात लाल शिशाचा देत. लाल शिसं म्हणजे शिशाचा लाल ऑक्साइड, म्हणजेच अस्सल शेंदूर. मारुतीला लावतात तोच. पत्रा गॅसने कापला की रंग जळतो, पापुद्रे पडतात आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर गाळात मुरतात. पापुद्रा हा नमुन्यातला मोठा घोळ आहे: अर्ध्या ग्रॅमच्या नमुन्यात एक कण आला तर आकडा हजारावर जातो, शेजारच्या अर्ध्या ग्रॅमात चाळीस. अशा ठिकाणी एकाच गाळाचे तीन वेगळे भाग तपासून तिन्ही आकडे छापावेत. सरासरी छापली की पापुद्रा लपतो.

तांब्यालाही माणसाची वाट आहेच. होड्यांच्या बुडाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावायच्या रंगात क्युप्रस ऑक्साइड असतं. पण ते बंदरात, गोदीत, होड्या दुरुस्त करण्याच्या जागी पट्ट्यापट्ट्याने दिसतं. खाडीभर सगळीकडे सारखंच तांबं दिसत असेल तर तो दगड.

आता गाळाच्या कणांबद्दल. धातू चिकटतात ते बारीक कणांना. चिकणमातीचा पृष्ठभाग अफाट असतो, वाळूचा नगण्य. खाडीच्या मुखाशी वाळू, आत चिखल. दोन्हीकडचे आकडे थेट शेजारी ठेवले तर आतली खाडी नेहमीच 'घाण' दिसणार, कुणी काही सोडलेलं नसलं तरी. म्हणून ६३ मायक्रॉनखालचा भाग वेगळा करून तपासतात, किंवा चिकणमातीबरोबर वाढणाऱ्या ॲल्युमिनियमने भागतात. शंखशिंपल्यांचा चुरा मिसळलेला असेल तर तो सगळेच आकडे पातळ करतो, तेही ॲल्युमिनियमने सावरतं. कित्येक जण ॲल्युमिनियमऐवजी लोखंडाने भागतात, कारण ते मोजायला सोपं. गोव्याच्या मांडवी-जुवारीत हे चालणार नाही. तिथे खनिजाचे बार्ज वर्षानुवर्षं नदीतून गेले, लोहखनिजाची धूळ तळाशी बसली; २०१२ साली खाणी थांबल्या म्हणून तळातली धूळ उठून गेली नाही. छेदात लोखंडच फुगलेलं, मग मँगेनीजचा गुणांकही नम्र दिसतो.

चाळणीचं सांगायलाच हवं. मातीच्या प्रयोगशाळेत ६३ मायक्रॉनची चाळणी बहुधा पितळी चौकटीची असते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ओला, खारट गाळ त्यातून घासून काढायचा आणि मग त्यात तांबं-जस्त मोजायचं, याला काय म्हणावं! नायलॉनची जाळी वापरावी. बादली प्लॅस्टिकची, पत्र्याची असेल तर तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. हातमोजे पावडर नसलेले, कारण पावडरीतून आणि रबरातून जस्त येतं. बोटीतून दोन जबड्यांच्या पोलादी झडपेने गाळ काढला तर जबड्याला टेकलेला भाग सोडून मधलाच प्लॅस्टिकच्या चमच्याने घ्यायचा. बाटल्या १० टक्के नायट्रिक आम्लात दिवसभर बुडवून मग शुद्ध पाण्याने धुवायच्या.

वाळवताना तापमान ४० अंशांच्या वर नेलं की पारा उडायला लागतो. ओलावा काढायला १०५ अंश लागतात, म्हणून त्यासाठी वेगळा भाग घ्यायचा आणि तो टाकून द्यायचा. छिद्रांतलं खारं पाणी आटलं की मीठ मागे राहतं आणि वजनात मोजलं जातं. ते ओलाव्यावरून आणि पाण्याच्या क्षारतेवरून गणिताने वजा करता येतं. नमुना धुऊन काढण्याचा मोह टाळावा, कारण सैल धरलेले धातू त्या पाण्याबरोबर जातात, आणि जिवांना धोका असतो तो नेमका त्यांचाच.

मग विरघळवणं. मायक्रोवेव्ह भट्टीतली रुळलेली पद्धत अशी: अर्धा ग्रॅम गाळ, ९ मिलिलिटर तीव्र नायट्रिक आम्ल, ३ मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल, टेफ्लॉनच्या बंद भांड्यात, साडेपाच मिनिटांत १७५ अंश आणि तिथेच एकूण दहा मिनिटं पुरी होईपर्यंत. यात चिकटलेले धातू येतात, पण दगडाच्या कणात कोंडलेलं क्रोमियम आणि ॲल्युमिनियम पुरतं येत नाही. शाळेच्या पुस्तकात सोनं विरघळवणारं आम्लराजसुद्धा सिलिकेटपुढे हात टेकतं. संपूर्ण आकडा हवा असेल तर हायड्रोक्लोरिकच्या जागी हायड्रोफ्लुओरिक आम्ल घ्यावं लागतं. हे आम्ल काच खातं आणि कातडीवर पडलं तर आधी फारसं झोंबतही नाही, तोवर आत उतरलेलं असतं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नसेल तर बाटली उघडू नये.

घोटाळा होतो तो दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी भिडवताना. शेलचे आणि बेसॉल्टचे छापील आकडे संपूर्ण विरघळवून काढलेले असतात. आपला गाळ अर्धवट विरघळलेला. क्रोमियम त्यामुळे कमी दिसतं, आणि ॲल्युमिनियम त्याहूनही कमी आलं तर सगळेच समृद्धी गुणांक फुगतात. खालचा थर आणि वरचा थर एकाच पद्धतीने काढले तर ही भानगड बरीचशी मिटते, हा गाभा घेण्याचा आणखी एक फायदा.

मोजताना आर्सेनिक सांभाळावं. वस्तुमानावर मोजणाऱ्या प्लाझ्मा यंत्रात आर्सेनिक ७५ वर दिसतं. यंत्रातला ४० चा आरगॉन आणि मिठातला ३५ चा क्लोरीन चिकटले की तेही ७५. समुद्राच्या गाळात मीठ, वरून आपण हायड्रोक्लोरिक ओतलेलं. अशा चिकटलेल्या जोड्या अडवणारा हेलियमचा टक्करकक्ष चालू नसेल तर नसलेलं आर्सेनिक छान दिसतं. दर दहा नमुन्यांमागे एक कोरा (गाळ न घातलेला), एक दुबार आणि एक समुद्री गाळाचा प्रमाणित (आकडे आधीच ठाऊक असलेला) नमुना ठेवावा. प्रमाणिताचा आकडा ठाऊक आकड्याच्या ९० ते ११० टक्क्यांत आला नाही तर ती तुकडी पुन्हा.

आता 'परिस्थितिकीय धोका'. जवळपास प्रत्येक अहवालात हाकन्सनचा निर्देशांक असतो. १९८० साली स्वीडनच्या तळ्यांसाठी बनवलेला. प्रत्येक धातूला विषारीपणाचा गुणक: पारा ४०, कॅडमियम ३०, आर्सेनिक १०, तांबं आणि शिसं ५, क्रोमियम २, जस्त १. धातू किती पट वाढलाय ते या गुणकाने गुणायचं आणि बेरीज करायची. दीडशेखाली कमी धोका, सहाशेवर अति. मुळात आठ प्रदूषकांची बेरीज गृहीत धरून या सीमा आखल्या होत्या, त्यातलं एक पीसीबी, म्हणजे धातूही नसलेलं क्लोरीनयुक्त रसायन. आपल्याकडे पाच धातू मोजतात आणि सीमा त्याच ठेवतात; मग धोका कमी निघाला तर त्यात आश्चर्य ते काय. शिवाय ती गोड्या पाण्याची तळी, आपली खारी खाडी.

बेरजेत खरं वजन पडतं ते पारा आणि कॅडमियमचं. कॅडमियम ०.६ आणि मूळ आकडा शेलचा ०.३ धरला, तर गुण ६०, मध्यम. मूळ ०.१ धरला तर १८०, जबर धोका. आणि ज्या यंत्राला ०.५ च्या खालचं नीट दिसतच नाही, त्यावर हे ०.६ मोजलेलं असलं तर? पूर्ण निष्कर्ष दशांशानंतरच्या एका अंकावर लोंबकळतोय. असा अहवाल हातात आला की आधी कॅडमियमची शोधमर्यादा कुठे लिहिलीय ते बघावं.

धातू किती आहे यापेक्षा तो कशाला धरून बसलाय हे जास्त महत्त्वाचं. ऐरोली-वाशीच्या बाजूचा गाभा उभा चिरला तर वर काही मिलिमीटर तपकिरी साय दिसते, खाली काळाभोर गाळ आणि सडक्या अंड्याचा वास. काळा रंग लोहसल्फाइडचा. मधूनच एखादी तपकिरी रेघ खाली उतरलेली असते, ती किड्याच्या नळीची किंवा बिळाची. तिथून ऑक्सिजन आत जातो. काळ्या भागात कॅडमियम, तांबं, शिसं, निकेल, जस्त सल्फाइडला घट्ट बांधलेले असतात. थंड हायड्रोक्लोरिक आम्लाने सुटणारं सल्फाइड आणि त्याच वेळी सुटणारे हे धातू मोलमध्ये मोजतात. सल्फाइड जास्त भरलं तर हे धातू किड्यांना फारसे बाधत नाहीत. नमुना पिशवीत हवा ठेवून दोन दिवस पडला की सल्फाइड उडालेलं असतं, म्हणून नायट्रोजन भरून, गोठवून न्यावा लागतो. पाऱ्याला हा हिशेब लागू नाही. उलट त्याच काळ्या गाळातले सल्फेटवर जगणारे जिवाणू पाऱ्याचं मिथाइलपारा करतात, आणि तोच मासळीत चढत जातो. जपानमधल्या मिनामाताच्या उपसागरात म्हणूनच पंचवीस पीपीएमहून (किलोमागे मिलिग्रॅम) जास्त पारा असलेला सुमारे पंधरा लाख घनमीटर गाळ १९७७ ते १९९० या काळात काढून, कोंडून, वर ५८ हेक्टरची भरावाची जमीन करावी लागली. तिथला पाऱ्याच्या विषबाधेचा आजार उघडकीस आला होता १९५६ मध्ये.

मुंबई बंदराच्या आणि न्हावा शेवाच्या जलमार्गांत गाळ सतत भरतो, सतत उपसावा लागतो. काळा गाळ ढवळला की सल्फाइड हवेशी भिडतं, धातू सुटतात. काही लोखंडाच्या ताज्या गंजावर पुन्हा बसतात, काही पाण्यात जातात. किती जातात ते आधीच कळू शकतं. एक भाग गाळ, चार भाग जागेवरचं पाणी, अर्धा तास ढवळायचं, एक तास निवळू द्यायचं, वरचं पाणी ०.४५ मायक्रॉनमधून गाळून मोजायचं. एका दिवसाचं काम. एकूण धातूंच्या पाचपानी तक्त्यापेक्षा ही चाचणी उपशाबद्दल जास्त सांगते.

शेवटी ताटातल्या तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या. घरी आपण त्या मिठाच्या पाण्यात ठेवतो, त्या वाळू सोडतात. प्रयोगशाळेतही हेच करायला हवं: दिवसभर स्वच्छ समुद्राच्या पाण्यात ठेवून पोटातला गाळ निघू द्यायचा, नाहीतर मांसाच्या नावाखाली गाळच मोजला जातो. पण मांसात मुरलेलं कॅडमियम एका रात्रीत सुटत नाही, हेही लक्षात असू द्या. कालवांमध्ये जस्त आणि तांबं जात्याच भरमसाट असतं, त्यावरून खाडी विषारी ठरवू नये. मासळीतल्या आर्सेनिकचं तसंच. बरंचसं आर्सेनोबिटेन या सेंद्रिय रूपात असतं आणि ते निरुपद्रवी.

सगळ्यात सामान्य चूक वजनाची. युरोपात शिंपल्यांसाठी मर्यादा आहे कॅडमियम १.० आणि शिसं १.५ मिलिग्रॅम दर किलोला, ओल्या वजनावर, म्हणजे आपण खातो तसं. संशोधनात आकडा देतात वाळवलेल्या मांसाचा. तिसऱ्यांच्या मांसात ऐंशी टक्के पाणी धरलं तर वाळलेल्या मांसातलं कॅडमियम ३ म्हणजे ओल्यात ०.६. पहिला आकडा मर्यादेच्या तिप्पट, दुसरा मर्यादेच्या आत, आणि तिसरी तीच. 'कोरडं वजन' हे दोन शब्द बहुधा तक्त्याखाली बारीक अक्षरात असतात. आकडा वाचायच्या आधी ते शोधावेत.